सिस्टिक फायब्रोसिस: पन्नास लाखांत सव्वादोन महिने

सरकार दुर्मिळ आजाराच्या पेशंटला 50 लाखांपर्यंत मदत करतं असं कुणाला सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, अगं मग झालं की, अजून काय हवं. बरोबर आहे, आपल्यासारख्या नोकरदार घरात 50 लाख एकरकमी कधी कुणी बघितलेले नसतात. पण आता हिशोब करू. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजारासाठी ट्रायकाफ्टा नावाचं औषध 2019 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा त्याची छापील किंमत होती वर्षाला 3 लाख 11 हजार डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर वर्षाचे झाले साधारण 2 कोटी 64 लाख, म्हणजे 50 लाखांत जेमतेम सव्वादोन महिने. आणि हे औषध जन्मभर घ्यायचं असतं, रोज, सकाळी दोन गोळ्या आणि रात्री एक, बंद केलं की आजार परत आपल्या जागेवर येतो.

म्हणून माझी मागणी मी आधीच सांगून टाकते. मदतीची रक्कम 50 लाखांवरून 1 कोटी करा असं मागण्यात काही अर्थ नाही, ते पैसे पाच महिन्यांत संपतील. हे औषध भारतात बनवायची परवानगी सरकारने द्यावी, पेटंट असलं तरी द्यावी, तसा अधिकार आपल्या पेटंट कायद्यात आहे आणि तो आधी एकदा वापरलाही गेलाय.

हे मी इतकं तावातावाने का बोलतेय तर माझ्या मावसबहिणीच्या मुलीला हा आजार आहे. इथे इंदूरलाच लोकमान्यनगरात राहतात. तिचा खोकला लहानपणापासूनचा, वजन वाढायचंच नाही, पोट फुगलेलं, शी तेलकट आणि इतकी वास मारणारी की घरात सगळ्यांना कळायचं, आणि भूक मात्र राक्षसासारखी. इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यात एक्सरे बघून टीबी सांगितला आणि औषधं सुरू केली, ती पूर्ण झाली तरी खोकला तसाच. मग एका मे महिन्यात, घरात कुणाला उलटी नाही जुलाब नाही, पोरगी नुसती गळून गेली, अॅडमिट केलं तर रक्तातलं सोडियम खूप खाली गेलेलं. तिथे ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता, त्याने बहिणीला विचारलं, "दीदी, इसको चूमती हो तो नमकीन लगता है क्या?" बहीण म्हणाली हो, कपाळावर तर मिठाची पांढरी रेघ दिसते. तिथून खरं निदान सुरू झालं. मग अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथे घामाची टेस्ट, म्हणजे हाताला पायलोकार्पिन लावून हलका करंट देतात, घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात, लिटरला 60 मिलिमोलच्या वर आलं की सिस्टिक फायब्रोसिस धरतात. तिचं बरंच वर होतं.

घामातलं हे मीठ डॉक्टरांच्या लक्षात आलं तेही उन्हाळ्यामुळेच. न्यूयॉर्कमध्ये 1948 साली मोठी उष्णतेची लाट आली होती, त्यात ही मुलं इतर मुलांपेक्षा जास्त कोसळताना दिसली, आणि पॉल दि सांत'आन्येझ या डॉक्टरांनी 1953 मध्ये दाखवलं की यांच्या घामातून मीठच जास्त जातं. आपल्याकडे माळव्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तरी गळून आलेल्या बाळाच्या आईला घामाबद्दल विचारणारा डॉक्टर विरळाच. हा गोऱ्या लोकांचा आजार असं कितीतरी वर्षं आपल्याकडे शिकवलं गेलं, ते खरं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये बरीच वर्षं ही मुलं तपासली जातायत, त्यावर पेपर लिहिले गेलेत. आजार आपल्याकडे आहे, पण निमोनिया, टीबी, कुपोषण, दमा या नावांखाली तो गाडला जातो.

आता मुळात बिघडतं काय ते थोडं सांगते, कारण औषधाची किंमत त्याशिवाय कळत नाही. आपल्या सातव्या क्रोमोसोमवर सीएफटीआर नावाचं जीन आहे, ते 1989 मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिओर्डन यांच्या टीम्सनी शोधलं. त्यावरून 1480 अमिनो आम्लांचं एक प्रोटीन बनतं आणि ते पेशीच्या भिंतीवर जाऊन बसतं, क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करायला वाट देतं. ही वाट बंद असली की फुप्फुसातला चिकट स्राव घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात म्हणून चरबी पचत नाही, आणि घाम खारट होतो. जगात सगळ्यात जास्त सापडणारा बिघाड म्हणजे एफ508डेल, 1480 पैकी 508 व्या जागेवरचं फक्त एक अमिनो आम्ल गळालेलं असतं. एवढ्याने त्या प्रोटीनची घडी चुकते, आणि पेशी घडी चुकलेलं प्रोटीन भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, आतल्या आत तोडून टाकते. आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेली कॉपी आली तरच आजार होतो, ते दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे "आमच्या खानदानात तर असं काही नव्हतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि बऱ्याच घरांत त्याचं खापर सुनेवर फुटतं, ते साफ चुकीचं आहे.

कितीतरी वर्षं उपचार होते ते सगळे नंतरच्या त्रासावर. आजही माझ्या भाचीचा दिवस तसाच सुरू होतो. पहाटे नेब्युलायझरचा घर्रर्र आवाज, त्यातून 3 टक्क्यांचं मिठाचं पाणी, मग पोरीला उशीवर पालथं घालून बहीण हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारते, आधी डावी बाजू मग उजवी, कफ सुटेपर्यंत, मग ती पोरगी उठून बेसिनपाशी जाते आणि खाकरते, आणि बहीण कफाचा रंग बघते, पांढरा असला की दिवस चांगला, हिरवट असला की फोन. प्रत्येक खाण्याबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, लहान होती तेव्हा त्या उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात घालून द्यायचे. शाळेच्या डब्याबरोबर कॅप्सूलची डबी जाते. रविवारी सगळे पोहे-जिलबी खातात तेव्हा तीही खाते, पण आधी कॅप्सूल. ए, डी, ई, के व्हिटॅमिन, उन्हाळ्यात ताकात जास्तीचं मीठ. हे सगळं करून आजार मंदावतो, थांबत नाही.

नवीन औषधं मुळावर जातात. 2012 मध्ये आयवाकॅफ्टर आलं, ते भिंतीवर पोचलेल्या पण न उघडणाऱ्या प्रोटीनची वाट उघडी ठेवतं, त्याला पोटेन्शिएटर म्हणतात, पण ते ज्या म्युटेशनसाठी, म्हणजे जीनमधल्या बिघाडासाठी, होतं ते सुमारे 4 टक्के पेशंटमध्येच. मग करेक्टर आले, ते घडी नीट घालायला मदत करतात म्हणजे प्रोटीन भिंतीपर्यंत पोचतं. ट्रायकाफ्टामध्ये दोन करेक्टर, एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर, आणि तिसरं आयवाकॅफ्टर. ज्यांच्याकडे एफ508डेलची एकच कॉपी होती आणि दुसरी पार निकामी होती अशा पेशंटवर ट्रायल झाली, त्यात 24 आठवड्यांत फुप्फुसाची क्षमता प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत 14 टक्के पॉइंटने वर गेली आणि छातीच्या इन्फेक्शनचे मोठे झटके 63 टक्क्यांनी कमी झाले. घामातलं क्लोराइडसुद्धा खाली आलं, म्हणजे बिघाड खरंच मुळापासून सुधारतोय याचा पुरावा घामातच मिळाला. अमेरिकेत आज जन्मलेल्या या आजाराच्या बाळाचं अंदाजे आयुष्य साठीच्या पुढे गेलंय, पूर्वी ही मुलं शाळेत जायच्या आधीच जायची. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, लहान मुलांचे डोळे तपासावे लागतात, काहींना झोपेचा आणि मनाचा त्रास होतो, हे सगळं आहे. पण औषध काम करतं याबद्दल आज कुणी गंभीर माणूस शंका घेत नाही.

आता किंमतीवर येऊ. 2022 मध्ये अँड्र्यू हिल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या मालाच्या भावावरून हिशोब काढला की हेच औषध वर्षाला 5,676 डॉलरमध्ये बनवता येईल आणि त्यात नफाही धरलेला आहे. म्हणजे आपले 4 लाख 82 हजारांच्या आसपास. 2 कोटी 64 लाख आणि 4 लाख 82 हजार, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या भावात सरकारचे तेच 50 लाख एका पेशंटला दहा वर्षं पुरतात. हे नुसतं कागदावरचं गणितही नाही, अर्जेंटिनातली एक कंपनी स्वतःचं जेनेरिक बनवते, आणि 2025 मध्ये बांगलादेशच्या बेक्सिम्को कंपनीने मोठ्या माणसासाठी वर्षाला 12,750 डॉलर असा भाव जाहीर केला. जेनेरिकचं जगातलं दुकान म्हणवून घेणारा आपला देश, आणि आपल्या मुलांनी ढाक्याकडे बघायचं, हे मला पटत नाही. इंदूरहून पीथमपूर किती लांब आहे? तिथल्या कारखान्यांत बनलेल्या गोळ्या अमेरिकेत विकल्या जातात, अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचे, इन्स्पेक्टर तिथे येऊन तपासून जातात. आपल्या ओळखीतल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिथे क्यूसीत, म्हणजे मालाच्या तपासणीत, नाहीतर प्रॉडक्शनमध्ये आहे. हात आहेत, मशीन आहेत, केमिस्ट आहेत, अडलंय ते परवानगीवर.

आणि परवानगीचा कायदा आहे. पेटंट कायद्याचं कलम 84 सांगतं की पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि लोकांची गरज भागत नसेल, किंवा परवडणाऱ्या भावात मिळत नसेल, किंवा ते पेटंट भारतात वापरातच आणलं नसेल, तर दुसऱ्या कुणालाही सक्तीचं लायसन्स मागता येतं. कलम 92 आणि 100 खाली तर केंद्र सरकार स्वतःहून पाऊल उचलू शकतं. पेटंटवाल्याला मोबदला मिळतोच, त्याचं काही लुबाडलं जात नाही. 2012 च्या मार्चमध्ये बायरच्या नेक्सावार या कॅन्सरच्या औषधासाठी हे लायसन्स नॅटको या भारतीय कंपनीला दिलं गेलं, महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,800 वर आला, आणि बायरला विक्रीवर आधी 6 आणि मग 7 टक्के रॉयल्टी ठरली. त्यानंतर आजपर्यंत दुसरं एकही नाही. 2023 च्या फेब्रुवारीत भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन अशा चार देशांतल्या पेशंट आणि पालकांनी एकाच वेळी ट्रायकाफ्टासाठी हीच मागणी केली. तेव्हा परिस्थिती अशी होती की कंपनी, म्हणजे व्हर्टेक्स, इथे औषध विकायला रजिस्टरही करत नव्हती आणि पेटंटमुळे दुसऱ्याला बनवताही येत नव्हतं. स्वतः विकायचं नाही, दुसऱ्याला बनवू द्यायचं नाही, आणि मधे आमची पोरं. याच्यासाठी कलम 84 नाही तर मग कशासाठी आहे?

लोक म्हणतात संशोधनाला खर्च येतो, तो कुणीतरी भरायला हवा. मान्य, आणि मी ते हलक्यात घेत नाही, कारण ही औषधं शोधली नसती तर आज मागायलाही काही नसतं. पण या संशोधनाची सुरुवातीची मोठी रक्कम अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने दिली होती, ती देणगीच्या पैशांवर चालणारी पेशंटच्या घरच्यांची संस्था. त्यांनी आपल्या वाट्याच्या रॉयल्टीचे हक्क 2014 मध्ये 330 कोटी डॉलरला विकले, त्यावरून कंपनीची कमाई केवढी असेल याचा अंदाज करा. तो खर्च अमेरिका आणि युरोपच्या विक्रीतून वसूल झालाय. जिथे कंपनी विकतच नव्हती त्या देशात जेनेरिक आल्याने तिचं नुकसान कुठून होणार? 2001 मध्ये एड्सच्या औषधांबद्दलही हेच बोललं जायचं, वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च होता, आणि सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी 350 डॉलरमध्ये देतो म्हटलं. त्यानंतर आफ्रिकेत लाखो माणसं जगली आणि एड्सवरचं संशोधनही थांबलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. युरोप-अमेरिकेत दहातल्या जवळपास नऊ पेशंटकडे एफ508डेलची निदान एक कॉपी असते, भारतात ते प्रमाण बरंच कमी आहे, आपल्याकडे वेगवेगळी आणि दुर्मिळ म्युटेशन खूप. मग औषध आणून उपयोग किती जणांना? हा प्रश्न विचारायलाच हवा. यातली काही म्युटेशन अशी आहेत की प्रोटीन बनतच नाही, त्या मुलांना ही गोळी काहीच करणार नाही, आणि त्यांच्या आईबापांना खोटी आशा दाखवणं हे पाप आहे. पण अमेरिकेच्या एफडीएने 2020 च्या डिसेंबरमध्ये यादी वाढवून 177 म्युटेशनना मान्यता दिली, तीही बरीचशी प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या पुराव्यावरून, आणि 2024 मध्ये अजून वाढवली. म्हणजे आपल्या दुर्मिळ म्युटेशनसाठीही रस्ता आहे, फक्त प्रत्येक मुलाची पूर्ण जीन टेस्ट व्हायला हवी. ती टेस्ट आज बहुतेक घरं स्वतःच्या खिशातून करतात किंवा करतच नाहीत. औषधच मिळणार नसेल तर टेस्ट कशाला असं डॉक्टरही म्हणतात, आणि टेस्ट नाहीत म्हणून पेशंट किती ते कळत नाही, आणि पेशंट कमी दिसतात म्हणून सरकार हलत नाही. हे चक्र कुठूनतरी तोडायचं तर औषधाच्या बाजूने तोडावं असं मला वाटतं, कारण औषध दिसलं की लोक आपोआप टेस्टला येतील.

टीबीचा मुद्दा इथे परत येतो आणि तो फारसा कुणी बोलत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम इतकी वाढवतं की आयवाकॅफ्टरसारख्या औषधाची रक्तातली पातळी पार पडते, दोन्ही बरोबर देऊच नका असं सांगतात. आपल्या देशात जिथे प्रत्येक जुन्या खोकल्याला आधी टीबी धरतात, तिथे उद्या औषध आलं तरी निदान नीट नसेल तर ते वाया जाईल. त्यामुळे जेनेरिक मागताना घामाच्या टेस्टची सोय मागणंही तितकंच गरजेचं आहे. इंदूरसारख्या शहरात, जिथे आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात, ही टेस्ट सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये होत असायला हवी, त्याचं मशीन काही एमआरआयसारखं महाग नसतं.

आणि धोरणाबद्दल एक. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिस तिसऱ्या गटात टाकलाय, जिथे खर्च खूप आहे आणि दीर्घकाळाचा पुरावा अजून यायचाय असे आजार आहेत, आणि तिथे फक्त पोटेन्शिएटर लिहिलेत, करेक्टरचा उल्लेखच नाही. त्यानंतरच्या वर्षांत पुरावा भरभरून आलाय. ही यादी सुधारायला संसदेत कायदा करावा लागत नाही, आरोग्य मंत्रालयाने ठरवलं तर होतं. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, या धोरणातल्या आजारांसाठी स्वतः मागवलेल्या औषधावरची कस्टम ड्यूटी 2023 च्या एप्रिलपासून माफ झाली, ते चांगलंच झालं. पण अडीच कोटींच्या औषधावर ड्यूटी माफ होऊन कुणाच्या घरात औषध आलं?

एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या मुलांचं उदाहरण ताजं आहे. त्यांच्या रिसडिप्लाम या औषधाची एक बाटली सहा लाखांच्या वर होती. नॅटकोने जेनेरिक आणायचं म्हटलं, मूळ औषधाची कंपनी रोश कोर्टात गेली, दिल्ली हायकोर्टाने 2025 च्या मार्चमध्ये मनाई करायला नकार दिला, ऑक्टोबरमध्ये डिव्हिजन बेंचने तेच कायम ठेवलं, सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही, आणि बाटली आली 15,900 रुपयांना. तो रस्ता वेगळा होता, तिथे पेटंटच्या वैधतेवर वाद होता, सक्तीचं लायसन्स नव्हतं. पण अमेरिका नाराज होईल, कंपन्या देश सोडून जातील अशी जी भीती घातली जाते त्यातलं काय झालं? औषध आलं आणि मुलांना मिळायला लागलं.

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींकडून मला दोन गोष्टी हव्यात. मंडळाच्या कार्यक्रमांना आपण खासदार-आमदारांना बोलावतो, हार घालतो, तेव्हा सक्तीच्या लायसन्सबद्दल आरोग्य मंत्रालयाला पत्र लिहा असं त्यांना तिथेच सांगा, लेखी निवेदन हातात द्या आणि पोच घ्या. आणि ज्यांच्या घरात असं खोकणारं, वजन न वाढणारं, खारट घामाचं बाळ आहे, मग ते घरी कामाला येणाऱ्या ताईंचं का असेना, त्यांना टीबीची औषधं सुरू व्हायच्या आधी घामाच्या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा. ज्यांचं निदान झालंय त्यांनी जीन टेस्ट करून दोन्ही म्युटेशनची नावं लेखी घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा, कारण औषध ज्या दिवशी येईल त्या दिवशी ते कुणाला द्यायचं हे त्या दोन नावांवरूनच ठरणार आहे.